वेशीपलीकडचा शरद

काही वर्षांपूर्वी लोकगीतांवरचा पाठ घेत असताना वर्गात भोंडल्यातील कारल्याच्या वेलाचे गाणे चर्चेला आले होते. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचे बी लाव. मग वेल वाढायला हवा, त्याला फूल यायला हवे, मग कारले, मग त्याची भाजी, आणि नंतर जेवणे आणि उष्टी-खरकटी. सासुरवास, कृषिसंस्कृती, साखळीगीताची रचना हे नेहमीचे मुद्दे मी सांगून झाले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बी लावल्यापासून कारले यायला दिवस किती लागतात?" प्रश्न वाङ्मयीन नसल्यामुळे वर्ग हसला. उत्तर मलाही ठाऊक नव्हते. ते शेतकऱ्याच्या घरातल्या एका विद्यार्थ्याने दिले : पंचावन्न-साठ दिवस.

म्हणजे दोन महिने, म्हणजेच एक ऋतू. हस्त नक्षत्रावर, आश्विनाच्या तोंडाशी बी लावले तर भाजी ताटात पडेपर्यंत कार्तिक सरत येतो. तोवर दसरा, कोजागरी, दिवाळी, भाऊबीज, तुळशीचे लग्न असे सारे उरकलेले असते. सासू 'जाऊ नकोस' असे कोठेच म्हणत नाही. ती फक्त शरद ऋतू काढून घेते. गाणे रचणाऱ्या बायांनी असा हिशेब मांडून ते रचले असेल असे मला म्हणायचे नाही. परंतु वेल लावून कारले खाणाऱ्या घरांतून ते आले आहे, आणि त्या घरांना हा हिशेब सांगावा लागत नव्हता. त्या दिवसापासून मराठी कुटुंबाच्या शरदातील बाहेर पडण्याकडे मी थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागले. कोण बाहेर पडते, कोणाला विचारून, किती अंतर, आणि परत कधी येते?

शरद हा वाटा मोकळ्या होण्याचा ऋतू आहे, ही जाणीव आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. किष्किंधाकांडात राम पावसाळ्याचे चार महिने थांबतो. आकाश निवळले तरी सुग्रीव हलत नाही म्हणून लक्ष्मण संतापून त्याच्याकडे जातो. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात कालिदास नद्यांना उतार पडल्याचे आणि वाटांवरचा चिखल वाळल्याचे वर्णन करतो आणि रघूला मोहिमेची प्रेरणा त्याच्या सामर्थ्याआधी या ऋतूनेच दिली असे सांगतो. काव्य बाजूला ठेवले तरी उरते ती व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात बैल, तोफा आणि बाजारबुणगे घेऊन नदी उतरता येत नाही. पाऊस सरला की उतार मिळतो, जनावरांना चारा मिळतो आणि खरिपाचे धान्य खळ्यावर येते. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करीत आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीवर निघत, त्याचे कारण एवढेच. चिमाजी आप्पाने अमझेऱ्याची लढाई जिंकली ती २९ नोव्हेंबर १७२८ रोजी. त्याच शरदात निघालेली फौज तोवर माळव्यात पोचली होती. समुद्राचेही तसेच होते. कोकण किनाऱ्यावरची बोट पावसाळ्यात बंद असे, ती वारे निवळल्यावर पुन्हा सुरू होई.

दसऱ्याचे सीमोल्लंघन हा या निघण्याचा विधी. १८१८ साली पेशवाई संपली आणि निघण्याचे कारणही संपले. विधी तेवढा राहिला. गावाच्या ईशान्येला जायचे, शमीची वा आपट्याची पूजा करायची, पाने लुटायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे. जे अंतर एके काळी नर्मदेपलीकडे जात होते ते आता वेशीबाहेरच्या देवळापाशी थांबू लागले. या आक्रसण्यावर इतिहासकारांनी हळहळ व्यक्त केली आहे. पण विधीची दुसरी बाजू त्यांच्या नजरेतून सहसा निसटते. पुरुष 'सोने' घेऊन परत येतो तेव्हा दारात निरांजन घेऊन कोणीतरी उभे असते. मोहीम अटकेपर्यंत जावो की गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत, निरांजन घेऊन उभे राहणारीचे अंतर बदललेले नाही. तिचे सीमोल्लंघन उंबरठ्याच्या आतच संपते.

मग बायकांचा शरद कुठे होता? तो अंगणात होता. घाटावर भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर चालणारी भुलाबाई वा गुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. आज हा मुलींचा खेळ वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकात त्या फेरातल्या कितीतरी मुली विवाहित होत्या. रमाबाई रानडे यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले, आनंदीबाई जोशी यांचे नवव्या. मुलीच्या विवाहाचे वय कायद्याने चौदा ठरले ते १९२९ साली. तेव्हा सासू-नणंदांची ती गाणी पुढे येणाऱ्या आयुष्याची रंगीत तालीम नव्हती. काहींसाठी ती चालू वर्षाची हकीकत होती. माहेरी आलेली मुलगी ती मोकळ्या गळ्याने म्हणू शके, आणि न आलेलीचे काय, ते गाण्यातच सांगितलेले आहे.

माहेरी जाणे हाच तिचा प्रवास, आणि तोही एकटीने व्हायचा नाही. मूळ पाठवायचे, मुराळी यायचा, सासरची संमती मिळायची आणि मग गाडी जुंपायची. कारल्याच्या गाण्यात सुनेला एकेका नातलगाला विचारायला धाडले जाते, ती अतिशयोक्ती नाही. तो घरातला दस्तूरच आहे. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो या प्रथेत जिव्हाळा आहेच, पण तिला पाठवले नाही तर निदान त्याने तरी जावे अशी सोयही आहे. दिवाळसणाला सारे उलटे होते. त्या वेळी जावई सासरी जातो, आणि त्याच्या या प्रवासाला कोणाची परवानगी लागल्याचे गाणे माझ्या ऐकिवात नाही.

या सगळ्यात एक अपवाद आहे आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे. तो म्हणजे आवळीभोजन. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत आवळ्याच्या झाडाखाली पूजा करून तेथेच जेवायचे, असा हा प्रघात. बायका, पुरुष, मुले, आश्रित, शेजारी असे सगळे घर एकाच वेळी, एकाच ठिकाणी वेशीबाहेर जाते, असा माझ्या माहितीत दुसरा घरगुती प्रसंग नाही. यात्रेला घर जात असे, पण यात्रा म्हणजे नवस, देवदर्शन, बहुधा उतारवय. आवळीभोजन एका दिवसाचे. सकाळी निघून सांजेला परत.

माझ्या आजीच्या बोलण्यात याचे वर्णन वारंवार येई, आणि तिच्या सांगण्यात पूजा जवळजवळ नसायचीच. असायची ती आदल्या रात्रीची धांदल. बैलगाडीत सतरंज्या, पातेली, उलथणे-सांडशी, परात, पत्रावळींचा गठ्ठा, कळशी. तेथे पोचल्यावर तीन दगडांची चूल मांडायची आणि पहिला अर्धा तास ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत. वांग्याचे भरीत, मसालेभात, कढी. आवळ्याची पाने बारीक, त्यामुळे त्याची सावली विरळच. म्हणून पूजा आवळ्याखाली आणि पंगत शेजारच्या आंब्याखाली, ही शास्त्राला दिलेली हुलकावणी ती हसत सांगे. पंगती मात्र घरच्यासारख्याच : आधी पुरुष आणि मुले, मग बायका. चूलही बायकांचीच. मी एकदा तिला विचारले, मग यात तुम्हांला सुख ते कोणते? ती म्हणाली, "अगं, वर आभाळ होतं." माजघरातल्या चुलीला आभाळ नसते, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

आवळीभोजन या समाजात कसे खपले, याचे उत्तर बहुधा त्याच्या धार्मिकतेत आहे. बायकांनी मोकळ्या हवेत जाऊन जेवावे हे म्हणायला कोणी धजले नसते; पण कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवल्याने पुण्य लागते असे म्हटल्यावर सासूलाच पुढाकार घ्यावा लागे. शिवाय अन्न तेथेच शिजवायचे असल्याने सोवळ्याचा प्रश्नही परस्पर मिटे. मराठीत बाहेर पडण्यासाठी यात्रा, जत्रा, वारी, वनभोजन, सीमोल्लंघन असे भरपूर शब्द आहेत, आणि त्या प्रत्येकाला देवाचे, ऋतूचे वा राजाचे काही निमित्त आहे. 'सहल' हा निमित्त न मागणारा शब्द. तो मराठी कुटुंबाच्या तोंडी सहज बसायला बराच वेळ लागला, आणि तो बसवण्यात आगगाडीचा वाटा मोठा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ साली लोहमार्ग पुण्याला पोचला आणि १८६३ साली बोरघाट खुला झाल्यावर मुंबई-पुणे सलग जोडले गेले. सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांच्यामुळे सुटी नावाची नवी वस्तू घरात आली. दसऱ्याची, दिवाळीची सुटी पंचांगाने ठरत असली तरी ती देणारा साहेब होता. नोकरीच्या गावी बिऱ्हाड करणारा कारकून किंवा मास्तर सुटीत बायको-मुलांना घेऊन गावी जाऊ लागला. यातली खरी नवलाई वेगाची नव्हती. नवरा, बायको आणि मुले एवढेच माणसांचे टोळके, सासू-सासऱ्यांशिवाय, एका बाकावर तासन्‌तास बसलेले असणे, ही गोष्ट वाड्याच्या रचनेत कोठेच बसत नव्हती. धर्मानेही जुळवून घेतले. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की तिच्या दशम्यांना प्रवासात विटाळ लागत नाही, या समजुतीने किती बायकांना गाडीत बसवले असेल याची गणती कोणी ठेवलेली नाही.

परंतु गाडीतून उतरून रस्त्याने चालणे हे वेगळे प्रकरण होते. आनंदीबाई जोशी यांनी परदेशी जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, सेरामपूर येथे इंग्रजीतून केलेले भाषण डॉक्टर होण्याच्या निश्चयासाठी प्रसिद्ध आहे. त्यातला एक तपशील मात्र फारसा उद्धृत होत नाही. मुंबईत शाळेला जाता-येताना लोक भोवती जमत, चेष्टा करीत, आणि आपापल्या घरांपुढे प्रतिष्ठितपणे बसलेली मंडळी शेरे मारीत, खडे फेकायलाही लाजत नसत, असे त्या सांगतात. त्या प्रतिष्ठितांना आपण लक्षात ठेवले पाहिजे. ते गुंड नव्हते. आपापल्या घराचा उंबरठा सांभाळणारे गृहस्थ होते. आज सहकुटुंब फिरायला जाणे हा आपल्याला करमणुकीचा सर्वांत निरुपद्रवी प्रकार वाटतो, पण दीडशे वर्षांपूर्वी त्यासाठी खडे खावे लागत होते.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींच्या बदल्या आणि फिरतीची नोकरी यांमुळे रमाबाईंना जो प्रवास घडला, त्याची वर्णने आणि पुण्याच्या घरातली वर्णने शेजारी ठेवून वाचावीत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सुचवते. पुण्यात वडीलधाऱ्या बायकांच्या टोमण्यांनी जे शिक्षण क्षणोक्षणी अडते, ते परगावी वाट काढते. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्येही यमूला मोकळा श्वास मिळतो तो पुण्याचे घर सोडून मुंबईच्या बिऱ्हाडी आल्यावर. ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून क्रमशः येत होती; म्हणजे ती वाचणाऱ्या बहुतेक बायका वाड्यातच होत्या. पुढे १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि शरदातल्या सुटीला आणखी एक उद्योग जोडला गेला. दिवाळी अंकाच्या इतिहासाचे आपण कौतुक करतो ते साहित्याच्या अंगाने. ज्या घरातून बाहेर जाता येत नव्हते तेथे बाहेरचे जग त्या चार दिवसांत आत येऊ लागले, याही अंगाने त्याच्याकडे पाहायला हरकत नाही. फराळाची तयारी आटोपल्यावर दुपारी अंक हातात घेणाऱ्या बाईला ती सहलच होती.

माथेरानचे उदाहरण देऊन पुढे जाते. ठाण्याचे जिल्हाधिकारी मॅलेट यांनी १८५० साली ही जागा हेरली आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. गोऱ्यांसाठी वसलेल्या या गावात हळूहळू पारशी, गुजराती आणि मग मराठी मध्यमवर्ग जाऊ लागला. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद आणि पाऊस सरला की पुन्हा सुरू, हा क्रम सीमोल्लंघनाचाच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. सुटल्यानंतर तर भाऊबीजेचा मुराळी बैलगाडीतून उतरून बसच्या रांगेत आला, आणि दिवाळीच्या जादा गाड्या हा महामंडळाच्या कारभाराचा वार्षिक भाग झाला.

येथवर मी जे लिहिले त्यात वेस ही ओलांडायची गोष्ट आहे. ओलांडणारा आत राहतो हे त्यात गृहीत आहे. पण ज्यांची घरेच वेशीबाहेर होती त्यांनी दसऱ्याला कोणती सीमा ओलांडायची? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त बलुतेदारांच्या कामांची जी तपशीलवार नोंद आहे तीत हा विरोधाभास उघडा पडतो. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्याला ठाऊक असे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याला त्या हद्दीच्या आत घर बांधता येत नव्हते. सोने लुटायला गाव महारवाड्याच्या बाजूने गेले तरी ते त्याच्याकडे जात नव्हते. शरदाच्या आपल्या ललित वर्णनांत हा महारवाडा नसतो. चांदणे, शेवंती, झेंडू असे सगळे असते.

म्हणून मराठी कुटुंबाच्या शरदातील सर्वांत मोठा प्रवास कोणता, असे मला कोणी विचारले तर मी माथेरान सांगणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला लाखो लोक जमले. आगगाडीने, बसने, बैलगाडीने आणि पायी. महत्त्वाचे हे की ते कुटुंबे म्हणून आले. कडेवर मूल घेतलेली बाई, म्हातारी माणसे, भाकरीची गाठोडी. शुभ्र वस्त्रे नेसून यावे असे आवाहन होते. ज्यांच्या घरी सणाचे लुगडेही वर्षाआड यायचे त्यांच्यासाठी हा खर्च लहान नव्हता. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली, नंतर बाबासाहेबांनी जमलेल्यांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या देवतांची पूजा करणार नाही, असे त्या प्रतिज्ञांत होते.

या घटनेवर धर्म, राजकारण आणि तत्त्वज्ञान या अंगांनी विपुल लिहिले गेले आहे. मला येथे तिचा कौटुंबिक भाग दिसतो. पुरुष पुढे जाऊन दीक्षा घेऊन आला आणि बाई निरांजन घेऊन दारात थांबली, असे येथे झाले नाही. नवरा-बायको शेजारी उभे राहिले आणि दोघांनी एकाच वेळी तेच शब्द उच्चारले. प्रत्येकीला आपल्या तोंडाने 'मी' म्हणायचे होते. सीमोल्लंघनाच्या दिवशी बायका सीमेपलीकडे गेल्या, स्वतःच्या पायांनी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा गाव तेच असले तरी त्या दुसऱ्या होत्या. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर येणारी कुटुंबे पुस्तकांच्या दुकानांपुढे ताटकळतात. मुलाच्या हातात एखादे पुस्तक दिल्याशिवाय परतीची गाडी धरत नाहीत. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथने ज्या वाटेने आली ती वाट येथून जाते.

आणखी एक निघणे आहे, आणि त्याच्याबद्दल लिहिणे मी बराच काळ टाळले, कारण ते 'सहली'च्या जवळपास आणताना हात कचरतो. १९५० साली लोणीला, आजच्या प्रवरानगरला, पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणसे लागतात, आणि ती बीडमधून, नगरच्या पूर्व भागातून, मराठवाड्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या बांधतो, उचल आधीच दिलेली असते, आणि मोजणी होते ती 'कोयता' या एककात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकट्या पुरुषाला किंवा एकट्या बाईला 'अर्धा कोयता' म्हणतात. जे दांपत्य एका बाकावर शेजारी बसावे म्हणून एकोणिसाव्या शतकात इतका झगडा झाला, ते येथे हिशेबाच्या वहीत एकच नोंद होऊन बसले आहे.

ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या जोडगाडीत पातेली, पत्रे, बाजरीची पोती, कोंबड्या, शेळी आणि मुले. सामानाची यादी आजीच्या बैलगाडीहून फारशी वेगळी नाही. तीन दगडांची चूल तीच, वर आभाळही तेच. परत येणे मात्र सांजेला नसते. ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर.

कारल्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी याच भागातली होती, हे मला नंतर, परीक्षेच्या अर्जावरच्या पत्त्यावरून कळले. तास संपल्यावर ती मला एवढेच म्हणाली होती की त्यांच्या दारात आई दरवर्षी काही ना काही वेल लावते आणि तो फळाला येतो तेव्हा आजी एकटी घरी असते. मी तेव्हा ते ऐकून घेतले आणि पुढच्या तासाला गेले. अशा घरांतल्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे काढलेली आहेत. दिवाळी झाली, गाड्या गेल्या, की आजी-आजोबा नातवंडांना तेथे जेवायला घेऊन येतात.